दोन जिल्ह्यांचं पाणी

बसा पोरांनो. आज राजाराणी नाही आणि राक्षसही नाही. आज डोंगराची, पावसाची आणि नद्यांची गोष्ट आहे, आणि तिच्यात तलाठी, तहसीलदार, कलेक्टर हेही येणार आहेत. आपला सातारा जिल्हा आणि शेजारचा सांगली जिल्हा दोनदा घडले. पहिल्यांदा दगडानं आणि पाण्यानं घडवले, त्याला कोट्यवधी वर्षं लागली. दुसऱ्यांदा माणसांनी कागदावर घडवले, ते काम दीडशे वर्षांच्या आत उरकलं. मी जन्मभर तलाठ्याचं दप्तर सांभाळलं. सातबारा, फेरफार, गावनकाशे ह्यांत माझं आयुष्य गेलं. त्या नोकरीनं एक गोष्ट मनात पक्की बसवली. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मुलखाचा कारभार कळत नाही. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी दगड बघू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं कृष्णा नव्हती, सह्याद्री नव्हता, माणूस तर नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा वर आला. आपण चित्रात बघतो तसा एका टोकदार डोंगरातून उसळला नाही, तर भेगांतून वाहत आला आणि पसरला. निवला, थर झाला. मग पुन्हा आला, पुन्हा थर. असे थरावर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट असतात. पाचगणीचं टेबललँड बघा, नाहीतर अजिंक्यतारा बघा. शिवाजी महाराजांच्या काळात किल्ल्यांना ह्या सपाट माथ्यांचा आणि उभ्या कड्यांचा केवढा उपयोग झाला!

कुठल्याही घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की गाडीतून नीट बघत जा. काळ्या थरांच्या मध्ये एखादा विटकरी-तांबडा पट्टा आडवा गेलेला दिसेल. एक थर निवल्यावर दुसरा यायला मध्ये पुष्कळ काळ गेला, तेवढ्यात वरचा खडक झिजून त्याची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली जुनी जमीन.

थोरलीनं परवा विहिरीच्या मलब्यातला दगड फोडून आणला होता. म्हणाली, “आबा, काळ्या दगडात हे पांढरे खडे कुणी बसवले?” बघ पोरी, लाव्ह्यात वायू कोंडलेला असतो. लाव्हा निवताना त्या वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढं फार मोठा काळ गरम पाणी दगडातून झिरपत राहिलं. त्या पाण्यात विरघळलेली खनिजं पोकळीच्या कडेला कणाकणानं साठली. भिंग लावून बघ, एकेका खड्यात सुईसारखे स्फटिक मधोमध रोखलेले दिसतील. ह्या खनिजांना झिओलाइट म्हणतात. हाच काळा दगड सडून आपली काळी जमीन झाली, तिच्यात ऊस येतो, हळद येते.

आता पाऊस. ह्या पठाराची पश्चिमेची कड म्हणजे सह्याद्री. कोकणाच्या बाजूनं तो ताठ उभा आहे आणि आपल्या बाजूनं पायरी-पायरीनं उतरत जातो. जूनमध्ये अरबी समुद्रावरून ओलं वारं येतं आणि ह्या भिंतीला धडकतं. त्याला पलीकडं जायचं तर वर चढावं लागतं. वर हवा विरळ, म्हणून चढणारं वारं पसरतं, आणि पसरलं की थंड होतं. थंड हवेत वाफ मावत नाही. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यावर त्याच्या आतून पाणी निथळतं ना, तेच इथं आभाळाएवढ्या आकारात घडतं. वारं आपलं पाणी महाबळेश्वर, बामणोली, कोयना, चांदोली ह्या पट्ट्यात टाकून देतं. मग रिकामं होऊन पूर्वेला उतरतं. उतरताना ते पुन्हा दाबलं जातं आणि तापतं. तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत. म्हणून वाईत ऊन-पावसाचा खेळ, कोरेगावात भुरभुर, आणि दहिवडीला नुसतं वारं.

हे फरक मी पर्जन्यमापकात मोजले आहेत. साधं यंत्र होतं ते. वर पाच इंच व्यासाचं नरसाळं, खाली बाटली, आणि मोजायला काचेचं मापपात्र. सकाळी बाटली काढायची, पाणी मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. आता स्वयंचलित केंद्रं आली, तरी आकड्याचा अर्थ बदलला नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. समजा, तो वाहिला नाही, जिरला नाही, जागेवरच उभा राहिला, तर तीन पुरुष खोल पाणी झालं असतं. माण, आटपाडीकडं पाचशेच्या आसपास, वाईट वर्षी त्याहून कितीतरी कमी. ते पाणी असंच उभं केलं तर गुडघाभर. आणि हा तीन पुरुषांचा आणि गुडघ्याचा फरक एकाच सातारा जिल्ह्यात आहे. सकाळी एसटीत बसलं तर दुपारी तुम्ही एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचता.

धाकटा विचारतो, “मग जिल्ह्याची सरासरी किती?” चांगला प्रश्न आहे बाळा, आणि फसवाही. सहा हजार आणि पाचशे ह्यांची सरासरी काढ. सव्वातीन हजार आली. आता एवढा पाऊस ह्या दोन्हींपैकी कुठं पडतो? कुठंच नाही. जिल्ह्याची सरासरी काढली की महाबळेश्वरच्या पाण्यात माणचा दुष्काळ बुडून जातो, कागदावर दिसतच नाही. म्हणून पाऊस मंडलाप्रमाणे मोजतात आणि पैसेवारी गावाप्रमाणे काढतात. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापायचं, वजन करायचं, आणि चांगल्या सालाच्या उताऱ्याशी ताडून बघायचं. रुपयाला पन्नास पैशांच्या खाली पीक आलं की ते गाव टंचाईचं. आता जमिनीतली ओल, भूजल, उपग्रहाची छायाचित्रं हेही बघतात. पण मूळ तत्त्व तेच, माणसाचा त्रास तो राहतो त्या गावातच मोजायचा.

पावसाचं एक नवल कासच्या पठारावर बघायला मिळतं. सातारा शहराच्या पश्चिमेला, सुमारे बाराशे मीटर उंचीवर जांभ्या दगडाचा सडा आहे. त्यावर माती इतकी पातळ की बोटाच्या पेरानं मोजावी. धो धो पाऊस त्या मातीतलं सत्त्व धुऊन नेतो. मोठं झाड तिथं उभं राहू शकत नाही, म्हणून लहान फुलांना मोकळं रान मिळतं. भाद्रपदात पठार जांभळं, पिवळं, पांढरं होतं. त्यातलं सीतेची आसवं हे निळं-जांभळं फूल ओणवून बघा. नखाएवढं नाजूक, पण त्याच्या मुळाशी, ओल्या चिखलात, टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी झाड बाहेर काढून टाकतं, त्यामुळे तिच्या बाजू आत ओढलेल्या राहतात. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार आत उघडतं, पाणी जिवासकट आत खेचलं जातं आणि दार बंद होतं. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. जमिनीत नत्र नाही, म्हणून ह्या फुलानं ते किड्यांतून मिळवायची युक्ती काढली. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासचाही समावेश झाला.

आता त्या पावसाच्या थेंबामागं जाऊ. सह्याद्रीच्या कण्यावर पडलेल्या पाण्याला दोन वाटा. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात गेलात की पाच नद्यांची नावं ऐकता, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. त्यातली सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिचा प्रवास लवकर संपतो. कृष्णा मात्र पश्चिम समुद्रापासून सत्तर किलोमीटरांच्या आत जन्मते आणि त्याच्याकडं पाठ करून पूर्वेला निघते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून, तेराशेहून जास्त किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कारण पठाराचा उतारच पूर्वेकडं आहे.

दुसरा पाणलोट पूर्वेला आहे, त्याकडं फारसं कुणी बघत नाही. शंभू महादेवाची डोंगररांग, जिच्यावर शिखर शिंगणापूर आहे. तिच्या दक्षिणेच्या उतारावर, खटाव तालुक्यात पडलेलं पाणी येरळेत जातं आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळतं. तिथून डोंगराची एक सोंड ओलांडली की माणगंगेचं खोरं. ते पाणी दहिवडी, म्हसवड, आटपाडी करत पंढरपूरजवळ भीमेला मिळतं. खंडाळा आणि फलटणचं पाणी उत्तरेला नीरेत, आणि नीराही भीमेतच. मग हे दुरावलेले थेंब परत कधी भेटतात? भेटतात! भीमा पुढं रायचूरच्या बाजूला कृष्णेत येते. खटावच्या शेतातला थेंब आणि माणच्या शेतातला थेंब शेकडो किलोमीटर वेगळे हिंडून तिथं एकत्र होतात.

कोयनेची तऱ्हा आणखी निराळी. ती महाबळेश्वरहून निघते आणि सह्याद्रीच्या कण्याला धरून सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेच्या समोरासमोर येऊन भिडते. दोन नद्या सहसा तिरक्या मिळतात. कराडच्या प्रीतिसंगमावर त्या तोंडासमोर मिळतात आणि एकत्र होऊन काटकोनात वळतात. पावसाळ्यात घाटावर उभं राहिलं की दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी-शेजारी चालताना दिसतं.

महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटर, वाईची सातशेच्या जवळपास. इतक्या जवळ इतका उतार! पण कराडहून सांगलीला जाताना जमीन जेमतेम उतरते. नदी रेंगाळते, वळणं घेते, गाळ टाकते. त्या गाळानं मळीची जमीन दिली, ऊस दिला, हळद दिली. आणि त्याच सपाटीमुळं महापूरही दिला. वरून कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी भरून आल्या आणि खाली हरिपूरला वारणेनंही पाणी टाकलं की पाण्याला पुढं सरकायला वाव राहत नाही, ते मागं फुगतं. सांगलीत आयर्विन पुलावर पातळी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी आटपाडी आणि जतमध्ये मात्र जनावरांच्या छावण्यांचा विषय चालला होता. एकाच जिल्ह्यात एकीकडं बोटी आणि दुसरीकडं टँकर. असा जिल्हा चालवणं म्हणजे काय, ह्याचा तुम्हीच विचार करा.

हरिपूरचं नाव आलं म्हणून पेवाचं सांगतो. सांगलीच्या हळदीला मोठी बाजारपेठ आहे आणि २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी ही हळद हरिपूर-सांगलवाडीच्या पेवांत ठेवत. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. तिथली माती घट्ट आणि कोरडी, खड्डा ढासळत नाही आणि ओलही येत नाही. हळद भरली की तोंड मातीनं लिंपून बंद. आतल्या हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो, म्हणून कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. त्याच कारणानं पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, मोकळी हवा खेळू देत. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं आणि हा जुना प्रकार मागं पडला. नदीनं दिलेल्या मातीत उभा राहिलेला धंदा नदीच्याच पुरानं बुडवला.

आता माणसांचा कारभार. १८१९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. त्यात साताऱ्याच्या राज्याची हद्द कशानं आखली? पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा. निसर्गानं आखलेल्या रेघाच तहात उतरल्या. आजही नीरा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो आणि वारणा ओलांडली की कोल्हापूर. १८४८ साली साताऱ्याचे तेव्हाचे छत्रपती शहाजीराजे वारले. त्यांचा दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं नामंजूर केला, राज्य खालसा केलं आणि त्याचा सातारा जिल्हा झाला.

पण ह्या जिल्ह्याच्या अंगावर संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. फलटणला निंबाळकर, जतला डफळे, सांगली-मिरजेला पटवर्धन, औंधला पंतप्रतिनिधी. ह्या तुकड्यांना ना नदीची हद्द, ना डोंगराची. औंधचा एक भाग औंधला, एक आटपाडीला, एक कुंडलला, आणि एक लांब विजापूरच्या बाजूला. सांगली संस्थानाचं शहापूर बेळगावला चिकटून, तर मंगळवेढा भीमेच्या अंगाला. एका गावाहून शेजारच्या गावाला जाताना राज्य बदलायचं. १९४३ नंतर इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारला ह्याचा उपयोग झाला. ब्रिटिश मुलखातले भूमिगत कार्यकर्ते औंधच्या गावांत आसरा घेत, आणि कुंडल तर त्यांचं केंद्रच होतं. त्याच औंधच्या राजानं १९३९ साली आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती सोपवली. गांधीजींच्या सल्ल्यानं घडलेला तो प्रयोग होता. गावानं आपला कारभार आपण करायचा, हे आपल्या मातीत तेव्हापासून रुजलं आहे.

१९४८ च्या मार्चमध्ये ही संस्थानं विलीन झाली. जिल्हा फार मोठा झाला, म्हणून १ ऑगस्ट १९४९ ला त्याचे दोन भाग केले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचं ठाणं सांगलीला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० च्या नोव्हेंबरात उत्तर साताऱ्याला नुसतं सातारा आणि दक्षिण साताऱ्याला सांगली म्हणू लागले. म्हणजे सांगली जिल्ह्याचं हे नाव माझ्या पिढीसमोरच आलं.

आज साताऱ्याचं क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर आणि तालुके अकरा. पाठ करायचे तर पावसाच्या क्रमानं करा. घाटावर महाबळेश्वर, जावळी, पाटण. मध्ये वाई, सातारा, कराड, कोरेगाव. नीरेकडं खंडाळा, फलटण. दुष्काळी पट्ट्यात खटाव, माण. सांगलीचं क्षेत्र सुमारे ८,५७० आणि तालुके दहा. घाटाला शिराळा. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज. मधल्या माळावर कडेगाव, तासगाव, खानापूर. आणि पूर्वेला आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. एकटा जत जिल्ह्याच्या पाव भागाएवढा आहे. त्याच्या टोकाच्या गावांत मराठीइतकीच कन्नड बोलतात आणि सांगली त्यांना फार लांब पडते. म्हणून संखला वेगळं अप्पर तहसील कार्यालय दिलं.

डोंगरानं आणि पाण्यानं हद्द आखायची रीत फक्त आपलीच नाही. तुमच्या भूगोलाच्या नकाशावर युरोपात बल्गेरिया शोधा. तिथं प्रांताला ओब्लास्त म्हणतात आणि असे अठ्ठावीस प्रांत आहेत. त्या देशाच्या मधून स्तारा प्लानिना नावाची डोंगररांग पूर्व-पश्चिम गेली आहे. तिच्या उत्तरेचं पाणी डॅन्यूबला जातं, दक्षिणेचं मारित्सा नदीनं एजियन समुद्राला. गाब्रोवो प्रांत रांगेच्या उत्तर अंगाला, स्तारा झागोरा दक्षिण अंगाला, आणि दोघांची हद्द डोंगराच्या माथ्यावरून. आपली आणि रत्नागिरीची हद्दही सह्याद्रीच्या माथ्यावरूनच जाते. जगभर माणसानं चांगली हद्द शोधताना आधी डोंगराकडं आणि नदीकडं बघितलं आहे. फरक माणसांच्या संख्येचा. २०२१ च्या मोजणीत सगळ्या बल्गेरियाची वस्ती पासष्ट लाखांच्या घरात होती, आणि सातारा-सांगली मिळून २०११ सालीच आपण अठ्ठावन्न लाख होतो. त्यांच्या देशाचं क्षेत्र आपल्या दोन जिल्ह्यांच्या जवळजवळ सहापट. एका देशाएवढी माणसं आपले दोन कलेक्टर सांभाळतात!

कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी. त्याच्याखाली प्रांताधिकारी, मग तहसीलदार, मग मंडल अधिकारी, मग तलाठी. जमीन, महसूल, दुष्काळ, पूर ही महसुलाची बाजू. दुसरी बाजू लोकांनी निवडून दिलेल्यांची. १ मे १९६२ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची रचना सुरू झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्रे त्यांचं जन्मगाव, ते आज सांगली जिल्ह्यात, आणि कराड त्यांची कर्मभूमी, ती साताऱ्यात. शाळा, दवाखाना, गावतळं, रस्ता ही कामं ह्या तीन पायऱ्यांची.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. निसर्गानं पूर्वेला पाठवलेलं पाणी माणसानं पश्चिमेला वळवलं. कोयनेवर १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं, मागं शिवसागर जलाशय झाला. त्या पाण्याला डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी कोकणाच्या बाजूला नेऊन चारशेहून जास्त मीटर खाली सोडलं. त्या उडीवर जनित्रं फिरतात, आणि १९६२ पासून महाराष्ट्राला वीज मिळते आहे. वापरलेलं पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्रात जातं. पण ते पाणी कृष्णा खोऱ्याचं, त्यावर खालच्या राज्यांचाही हक्क. म्हणून राज्यांमधला कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या बच्छावत लवादानं १९७० च्या दशकात मर्यादा घालून दिली, कोयनेचं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, पाणीच वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचं. आणि दगडानंही आपलं म्हणणं मांडलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. जलाशयाचं वजन आणि भेगांतून खोल मुरलेलं पाणी ह्यांमुळं जमिनीतला साठलेला ताण सुटतो, हे जगातल्या शास्त्रज्ञांनी कोयनेवर अभ्यासलं आणि आजही अभ्यासतात. पाणी वळवता येतं, पण त्याचा हिशोब दगडालाही द्यावा लागतो आणि शेजाऱ्यालाही.

पूर्वेच्या दुष्काळी माणसांनी काय केलं? खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याचांदीची गलाई करायला देशभर पांगली. माण-खटावची मुंबईच्या गिरण्यांत गेली. धनगर मेंढरं घेऊन गवतामागं हिंडले. त्यांनी जपलेली खिल्लार बैलं आणि माडग्याळ मेंढ्या कमी चाऱ्यावर तग धरतात. आणि जी माणसं गावी राहिली त्यांनी पाण्यासाठी लढा दिला. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीला पाणी परिषदा भरल्या. ताकारी, टेंभू, म्हैसाळ ह्या योजनांनी कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून माळावर नेलं. ज्या वाऱ्यानं डोंगरावर पाणी टाकून पूर्वेला कोरडं ठेवलं, त्या वाऱ्याचं उरलेलं काम आज पंप करतात. त्याला वीज लागते, पैसा लागतो, आणि वाटपात भांडणही होतं.

येरळेकाठच्या बलवडी आणि तांदुळवाडीनं १९८० च्या दशकात ह्याचं उत्तर शोधलं. नदीतली वाळू ठेकेदाराला न देता गावानं स्वतः विकली, तो पैसा आणि श्रम घालून बळीराजा धरण बांधलं. आणि ठरवलं की पाणी जमिनीच्या मापानं वाटायचं नाही, कुटुंबाप्रमाणे वाटायचं. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या घरालाही पाण्याचा हक्क. मी सातबारा सांभाळणारा माणूस. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाचाही पाण्यात वाटा मानणारं गाव मला फार मोठं वाटतं. २०१६ साली कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं अंगमेहनतीनं चर खोदून, बांध घालून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. त्या कामाची सुरुवातही गावातल्या पाण्याची वाट समजून घेण्यापासून होते.

तेव्हा पोरांनो, उद्या तुम्ही शिकाल, कुठंतरी नोकरी कराल, किंवा शेतीच कराल. गावाचा नकाशा हातात आला तर आधी ओढे शोधा, मग गट नंबर. आपल्या शिवारातलं पाणी कुठं जातं आणि वाटेत कोणाकोणाला लागतं, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. तहसील कचेरीत पावसाचे आकडे मागा, ते तुमचेच आहेत. पाणी कमी असो वा जास्त, त्याची वाटणी न्यायानं करणं हे जिल्ह्याचं पहिलं काम आहे, आणि ते काम कलेक्टर एकटा करू शकत नाही. त्याला तुम्ही लागता.